स्वयंपाकघराला शटर नसतं

घरी बिअर करायला शिकणं हा छंद की आगीशी खेळ, यावर माझा धाकटा भाऊ आणि आमची आत्या यांचं एकमत होईल असं मला वाटत नाही. तरी त्यांचं बोलणं लिहून काढायचं ठरवलं, कारण दोघंही ऐकीव बोलत नाहीत. धाकटा कामानिमित्त काही वर्षं अमेरिकेत होता, तिथं तो या विद्येत मुरला. आत्या नेऱ्याची. हिंजवडीच्या पलीकडं मारुंजी, जांबे, कासारसाई या गावांच्या पट्ट्यातलं हे नेरे. एकीकडं भात आणि ऊस, दुसरीकडं दरवर्षी पुढं सरकणाऱ्या नव्या इमारती. घर माळकरी. आत्यानं बरीच वर्षं बचत गट चालवला. तिच्या धाकट्या बहिणीच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायका उभ्या राहिल्या, तेव्हा ती तिथं मुक्कामाला जाऊन त्यांच्याबरोबर दारोदार फिरली होती.

एक गोष्ट आधीच सांगते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर, वाइन, मधाची मीड काहीही करणं गुन्हा आहे. 1949 चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि त्यात हौसेला वेगळी सवलत नाही. धाकटा तिकडं जे शिकला ते इथं करत नाही. वाद आहे तो ते शिकण्याच्या मोलाबद्दल, आणि उद्या इथं कुणाला करू द्यावं का, याबद्दल.

आत्या: दारू प्यायला माणसं जमतात हे मला ठाऊक आहे. शिकायला जमतात हे तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं. काय शिकवतात तिथं?

धाकटा: 2019 च्या जूनमध्ये प्रॉव्हिडन्सला घरी बिअर करणाऱ्यांचा मेळावा होता, होमब्रू कॉन. प्रॉव्हिडन्स ही ऱ्होड आयलंड नावाच्या छोट्या राज्याची राजधानी. तीन दिवस सकाळपासून वर्ग. एका खोलीत नुसतं पाण्यावर, दुसरीत यीस्टवर, तिसरीत लाकडी पिंपात मुरवण्यावर. शिकवणारे काही ब्रुअरीतले जाणते, काही प्रयोगशाळेतले, आणि काही आपल्यासारखेच हौशी, पण एकाच गोष्टीच्या मागं अर्धं आयुष्य घालवलेले. मी तिथं जायच्या आधी चार वर्षं घरी करत होतोच. पुस्तकं वाचली होती. पण माझ्या बिअरला एक वास यायचा आणि तो कुठून येतो ते कळत नव्हतं.

आत्या: कसला वास?

धाकटा: लोण्याचा. खमंग लोण्याचा. मला वाटायचं छानच आहे. तिथं एका टेबलावर एकाच साध्या बिअरचे छोटे छोटे पेले मांडले होते आणि प्रत्येकात एकेक दोष मुद्दाम घातला होता. एकात लोणी, एकात हिरवं सफरचंद, एकात उकडलेला मका, एकात भिजलेला पुठ्ठा. चाखायचं, थुंकायचं, दोषाचं नाव लिहायचं. मग शिकवणारी बाई एकेकाचं कारण सांगायची. लोण्याचा वास डायअसिटिलचा. आंबताना यीस्ट तो पदार्थ स्वतःच तयार करतं आणि शेवटी स्वतःच परत खाऊन टाकतं. मी घाई करून भांडं लवकर थंड करत होतो, यीस्टला ते शेवटचं काम करू देत नव्हतो. उपाय काय, तर आंबणं संपत आलं की दोन-तीन दिवस तापमान दोन-तीन अंशांनी वाढू द्यायचं.

आत्या: आणि मक्याचा?

धाकटा: तो डीएमएस नावाच्या पदार्थाचा. माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, काढा झाकण ठेवून उकळला की तो वास वाफेबरोबर बाहेर जात नाही, परत आतच पडतो. झाकण काढून चांगलं रटरटू द्यायचं.

आत्या: हे बरोबर आहे. पालेभाजी झाकून शिजवली की रंगही जातो आणि वासही कोंडतो.

इथं आत्या थोडी पुढं सरकून बसली. तिला दारूबद्दल ऐकायचं नव्हतं, पण बिघडलेल्या पदार्थाचं कारण कुणी नीट सांगत असेल तर तिचं कुतूहल जागं होतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या घरात आंबवण्याचं ज्ञान कमी नाही. विरजण, आंबोळी, अंबील, कुरडईसाठी तीन दिवस भिजणारा गहू, वर्षभर टिकणारं लोणचं. पण ते ज्ञान "हाताला सवय पाहिजे" या एका वाक्यात बंद होऊन बसतं. सुनेचं लोणचं बिघडलं तर सासू सांगते, बिघडलं. का बिघडलं हे सांगणारी क्वचित भेटते. धाकट्याला सातासमुद्रापार भेटली ती तशी बाई.

धाकटा: पाण्याच्या वर्गात तर प्रत्येकानं आपापल्या पाण्याचा तपासणी अहवाल आणला होता. आत्या, तुझ्या बोअरच्या पाण्यात डाळ का शिजत नाही?

आत्या: जड पाणी आहे. म्हणून डाळीला मी पावसाचं नाही तर नळाचं घेते.

धाकटा: आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन वर येतं. कॅल्शियम डाळीची सालं घट्ट धरून ठेवतं. बिअरमध्ये त्रास बायकार्बोनेटचा. माल्ट भिजवलेल्या पाण्याचा पीएच 5.2 ते 5.6 च्या मधे लागतो. बायकार्बोनेट तो वर ढकलतं आणि मग टरफलातला तुरटपणा उतरतो. तो शिकवणारा गृहस्थ म्हणाला, पाणी आधी उकळा, निवू द्या, तळाचा पांढरा थर सोडून वरचं घ्या. नाही तर थोडं लॅक्टिक आम्ल घाला.

आत्या: म्हणजे ताकातलं आंबट.

धाकटा: तेच. आणि यीस्टच्या वर्गात सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला शिकवल्या. काचेवर बारीक चौकटी कोरलेल्या असतात. थेंबात मेथिलीन ब्लू घालायचं. मेलेली पेशी निळी पडते, जिवंत पेशी रंगहीन राहते. चौकटीत जिवंत किती, मेलेल्या किती, त्यावरून वीस लिटरला किती यीस्ट घालायचं ते ठरवायचं. पाकिटावर छापलेलं आहे म्हणून घालायचं नाही.

आत्या: एवढी काटेकोर माणसं, मग सगळी शुद्धीवर होती का? खरं सांग.

धाकटा: दिवसा हो. प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग आणि थुंकायला बादली. पण एका रात्री सगळे क्लब आपापली बिअर मांडतात, तेव्हा काहींनी जास्त घेतली. दोघा-तिघांना धरून न्यावं लागलं. मेळाव्याची जागा हॉटेलाला लागूनच होती, त्यामुळं गाडी कुणी चालवली नाही.

आत्या: तिथं हॉटेल लागून होतं. इथं रात्री बारानंतर या रस्त्यानं पोरं मोटरसायकलवर कशी येतात, ते मी दारात बसून बघते. शहाणी, शिकलेली पोरं. तुझ्याच कंपन्यांमधली.

धाकटा: ती पोरं घरी केलेली पिऊन येत नाहीत, आत्या. परवान्याच्या दुकानातली पिऊन येतात.

आत्या: आणि तू त्यात घरची आणखी घालणार.

धाकटा: मी आज घालत नाही. पण कायदा बदलावा असं मला वाटतं, ते लपवत नाही. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. ती उठली तेव्हा घरी वाइन करायला मुभा मिळाली, बिअरचं मात्र कायद्यात राहून गेलं. ते सुधारायला 1978 साल उजाडलं. त्याच वर्षी कोलोरॅडोत बोल्डर गावी चार्ली पापाझियन नावाच्या शाळामास्तरानं होमब्रुअर्सची संघटना काढली. तो आधीपासून गावात लोकांना घरी बिअर करायला शिकवत होता.

आत्या: म्हणजे मास्तर कायदा मोडून शिकवत होता.

धाकटा: हो. आणि केंद्रानं मोकळीक दिल्यावरही राज्यांनी आपापला वेळ घेतला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्यं 2013 मध्ये राजी झाली.

आत्या: पस्तीस वर्षं. त्या राज्यांतल्या बायकांनी अडवून धरलं असेल.

धाकटा: चर्चवाल्यांनी बरंचसं. पण कायद्याला मर्यादा आहे. विकायची नाही. एकट्या माणसाला वर्षाला शंभर गॅलन, घरात दोन मोठी माणसं असतील तर दोनशे.

आत्या: लिटरमध्ये सांग.

धाकटा: दोनशे गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या थोडं वर.

आत्या: रोजचे दोन लिटर.

धाकटा गप्प झाला. मीही हा भागाकार कधी केला नव्हता. आकडा वर्षाचा असला की मर्यादा वाटते, दिवसाचा केला की तो एका घरातला रोजचा व्यवहार दिसतो. बचत गटाचे हिशेब लिहिलेल्या बाईला हे लगेच दिसलं.

धाकटा: कुणीच एवढी करत नाही, आत्या. वीस लिटरला सहा आठवडे लागतात. त्यातलं निम्म्याहून जास्त काम भांडी धुण्याचं. जो एवढं करतो तो घटाघटा पीत नाही.

आत्या: करणारा नाही पीत. त्याचा भाऊ पितो. त्याचा मेव्हणा पितो. तू तुझ्या हौसेवरून कायदा करायला निघालास. कायदा तुझ्यासाठी नसतो रे, जो सांभाळू शकत नाही त्याच्या बायकोसाठी असतो.

मग तिनं बहिणीच्या गावाची गोष्ट सांगितली. मी ती आधीही ऐकली होती, पण धाकट्याला पूर्ण ठाऊक नव्हती. गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं तर आधी बायकांच्या सह्यांचं निवेदन द्यावं लागतं. सह्या तपासल्या जातात. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद. आणि नियम असा की आलेल्या मतांच्या निम्म्याहून अधिक मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात.

आत्या: म्हणजे माहेरी गेलेली, बाळंतपणाला गेलेली, नवऱ्यानं कोंडून ठेवलेली, सगळ्या न आलेल्या बायका उभ्या बाटलीच्या खात्यात. आम्ही एकेकीला हाताला धरून आणली. माझ्या बहिणीची सही निवेदनावर पहिली होती. नावानिशी. तिच्या दारात रात्री दगड आले. तरी झालं. दुकान बंद झालं.

धाकटा: आणि पुढं?

आत्या: पुढं वर्षभरात नदीकाठाला हातभट्टी लागली. आता तू म्हणशील, बघ, बंदी चालत नाही.

धाकटा: म्हणणार होतो. चंद्रपूरला 2015 मध्ये बंदी आली, 2021 मध्ये सरकारनंच उठवली. चोरटा धंदा वाढला हे कारण दिलं.

आत्या: आणि गडचिरोलीत 1993 पासून आहे, ती उठवू नका म्हणून तिथली गावंच्या गावं ठराव करतात. तेही सांग की.

धाकटा: सांगतो. पण हातभट्टीचंच घे. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. ती आंबवण्यानं गेली नाहीत. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल कुणीतरी दारूत मिसळलं, स्वस्त पडतं म्हणून. धान्य नुसतं आंबवलं तर त्यात मिथेनॉल नावापुरतं असतं. मिसळलेलं पोटात गेलं की शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल करतं, आधी डोळ्याची नस जाते, मग जीव. ज्यांना आंबवणं काय आणि मिसळणं काय यातला फरक ठाऊक नाही, त्यांनाच असा माल विकता येतो. मेळाव्यात मला हे पहिल्यांदा नीट कळलं. बिअर करणारे तिथं दारू गाळत नाहीत. घरी गाळणं तेव्हा अमेरिकेतही गुन्हाच होता.

आत्या: मालवणीच्या माणसाला फरक ठाऊक असता तरी त्याच्या खिशात तेवढेच पैसे होते.

याला धाकट्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नाही. ज्ञानानं माणूस वाचतो हे खरं, पण गरीब माणसाला निवडायला दुसरं काही असावं लागतं. तरीसुद्धा मला धाकट्याचा मुद्दा सोडवत नाही. ज्या समाजात आंबवण्याबद्दल उघड बोलणंच वाईट ठरतं, तिथं त्याबद्दलचं सगळं बोलणं दारूच्या गुत्त्यात होतं. पुण्यातच हे ज्ञान किती आहे बघा. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह 1951 पासून आहे. यीस्टच्या कितीतरी जाती तिथं जपून ठेवलेल्या आहेत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन, ब्रुइंग आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाची पदव्युत्तर पदवी मिळते. 2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ती एक. मधापासून मीड करणारे परवानाधारक उद्योग पुण्यात आणि नाशिकला उभे आहेत. नाशिकचं सेराना मीड्स योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे या दोघींनी काढलं, आणि नाव घेतलं आपल्या सातेरी मधमाशीच्या शास्त्रीय नावावरून. पदवीधराला आणि परवानाधारकाला दार उघडं आहे. नुसत्या जिज्ञासू माणसाला बसायला कुठं बाकडं नाही.

हे मी बोलून दाखवलं तेव्हा आत्या म्हणाली, "परवानेवाल्याच्या दाराला शटर असतं. अकराला नाही तर बाराला खाली येतं. पोलिसाला दाखवता येतं, मत देऊन बंद करता येतं. स्वयंपाकघराला शटर नसतं. तिथं पिंप ठेवलंस तर त्या घरातल्या बाईनं कुठं निवेदन द्यायचं?"

दारूच्या धोरणावर मी पुष्कळ वाचलं आहे, हा प्रश्न मला कुठं सापडला नव्हता. घरातल्या पिंपाला परवाना देणारा कायदा कधी इथं झालाच, तर त्यात घरातल्या प्रत्येक मोठ्या बाईची लेखी संमती आणि ती केव्हाही मागं घेण्याचा हक्क हवा, असं माझं मत या वाक्यानं झालं. धाकट्याला हे मान्य आहे. आत्याला नाही. तिचं म्हणणं, संमती पत्रकावर अंगठा कसा घेतात ते तिनं पाहिलं आहे.

बोलणं इथंच तुटलं असतं. पण धाकट्यानं विचारलं, "आत्या, नाचणीचं सत्त्व आहे का घरात?"

सत्त्व होतंच. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दोन दिवस मोड आणायचे, सावलीत वाळवायची, भाजायची, दळायची. धाकट्यानं मोड आलेली पण न भाजलेली नाचणी मागितली. तीही डब्यात होती, दळायची राहिलेली, मिक्सरवर काढली. मग आंबेमोहराच्या कण्यांची पेज शिजवली, चमचा उभा राहील इतकी घट्ट. दोन पातेल्यांत सारखी वाटली. धाकट्याच्या थर्मामीटरवर पेज 65 अंशांवर उतरेपर्यंत थांबायचं ठरलं होतं. आत्यानं वरून हात धरून "आता" म्हटलं तेव्हा काटा 68 वर होता. एका पातेल्यात भाजलेल्या नाचणीचं पीठ मूठभर, दुसऱ्यात न भाजलेल्याचं. दोन्ही ढवळून, झाकून, जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवली.

दहा मिनिटांनी उघडून बघितली. भाजलेल्या पिठाची पेज होती तशीच, उलट आणखी दाट. न भाजलेल्या पिठाची पातळ झालेली, पळीवरून पाण्यासारखी सुटत होती. तासाभरानं त्यातली चमचाभर बशीत घेऊन धाकट्यानं टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला; पिष्ट उरलं असेल तर आयोडीन काळंनिळं होतं. थेंब पिवळसर तपकिरीच राहिला. दुसऱ्या पातेल्यातल्या पेजेवर टाकला तो क्षणात काळानिळा झाला. बशी धुवायला टाकली आणि आत्यानं पातेल्यातली पातळ पेज वाटीत घेऊन चाखली.

आत्या: गूळ घातलास?

धाकटा: काही नाही घातलं. मोड येताना नाचणीत अमायलेज तयार होतं. ते पिठातलं पिष्ट तोडून त्याची साखर करतं. साठ ते सत्तर अंशांच्या मधे त्याचं काम सगळ्यात छान चालतं. तू भाजतेस तेव्हा ते मरतं. मेळाव्यात आम्ही बार्लीवर दिवसभर हेच करायला शिकलो, एकेका अंशाचा फरक चाखत. 63 ला धरलं तर साखर जास्त आणि आंबल्यावर बिअर हलकी, 69 ला धरलं तर अंगाची भरीव. बिअर इथून पुढं होते. आत्ता जे आहे ते नुसतं अन्न.

आत्या: भाजल्याशिवाय खमंगपणा येत नाही.

धाकटा: मग निम्मं भाज. निम्मं राहू दे.

धाकट्याला ठाऊक नव्हतं ते मी सांगितलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी 1980 च्या दशकात नेमक्या याच गुणावर काम केलं. लहान मुलाचं पोट छोटं. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, म्हणून आई पाणी घालून ती पातळ करते, आणि पोटात पाणीच जास्त जातं. त्याच घट्ट पेजेत मोड आलेल्या धान्याचं चमचाभर पीठ घातलं की ती पाणी न वाढवता पातळ होते. वाटी तेवढीच, अन्न कितीतरी अधिक. तेव्हाच्या पाहणीत आणि पुढच्या कामात नाचणी-बाजरीसारखी आपलीच धान्यं होती.

आत्या बराच वेळ दोन्ही पातेल्यांकडं बघत होती. मग तिनं सरळ कामाची गोष्ट काढली.

आत्या: हे गटातल्या बायकांना दाखव. अंगणवाडीच्या ताईंनाही बोलावते. पण यीस्ट आणायचं नाही.

धाकटा: यीस्टशिवाय निम्मा धडा राहतो. पाव कसा फुगतो, लोणच्यावर बुरशी का येते, कुरडईच्या चिकाला कधी घाण वास सुटतो, हे कसं सांगू?

आत्या: लोणचं आण, चीक आण. बिघडलेलं सगळं आण. तुझ्या त्या पेल्यांसारखं मांड. बायकांना वास घेऊन ओळखू दे, आणि कारण सांग. गटाच्या प्रदर्शनात मी वर्षानुवर्षं बघते, एकीचा मसाला खपतो, दुसरीचा परत येतो. का ते कुणी तोंडावर सांगत नाही. वाईट वाटेल म्हणून. बिचारी पुढच्या वर्षी तसाच करून आणते.

धाकटा: तिथं गुणपत्रिका असते. पन्नासपैकी गुण. वासाला बारा, दिसण्याला तीन, चवीला वीस, तोंडात कसं लागतं त्याला पाच, एकूण ठशाला दहा. नुसते गुण देऊन चालत नाही, परीक्षकानं दोष काय, कशानं आला असेल आणि पुढच्या वेळी काय करावं हे लिहायचं असतं. माझ्या बिअरला 24 मिळाले होते. ती पत्रिका माझ्याकडं अजून आहे. त्या लोण्याच्या वासाबद्दल तिच्यात सहा ओळी आहेत.

आत्या: दिसण्याला तीनच? आमच्या पापडाला दहा लागतील. आणि नावं? कुणाचा पदार्थ आहे ते लिहायचं की नाही?

धाकटा: नाही. बाटलीवर फक्त आकडा. म्हणजे ओळखीपाळखी, गट-तट मधे येत नाहीत.

आत्या: ते ठीक. पण टीका करणारी?

धाकटा: परीक्षकाचं नाव पत्रिकेवर असतं. स्वतःच्या हातानं लिहायचं.

आत्या: मग चालेल. पण परीक्षक बाहेरून आणायच्या, आपल्या गटातल्या नकोत.

धाकट्याचं म्हणणं उलट आहे. परीक्षण करायला बसल्याशिवाय जीभ तयार होत नाही, म्हणून गटातल्याच बायकांना पाळीपाळीनं बसवलं पाहिजे. तोही तसाच शिकला. आत्याला भीती वाटते की त्यातून दोन घरांचं बोलणं बंद पडेल. मला धाकट्याचं पटतं, पण गटातल्या बायका आत्या जास्त ओळखते. पुढच्या बैठकीत गटालाच विचारायचं ठरलं आहे. बिअरचा विषय त्या बैठकीत निघणार नाही, ही आत्याची अट धाकट्यानं मान्य केली. विषय कायमचा मिटला असं मात्र त्यानं म्हटलं नाही, आणि आत्यानंही तसं म्हणायला लावलं नाही.